साडेनऊ मीटरच्या रस्त्यात फूटपाथ कसा बसवायचा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. एसटी स्टँडपासून शाळा आणि ग्रामीण रुग्णालयापर्यंत जेमतेम एक किलोमीटरचा रस्ता. समोरासमोरच्या दुकानांच्या ओट्यांमध्ये साडेनऊ मीटर, त्यात मधोमध साडेपाच मीटर डांबर, दोन्ही कडांना नाली, कुठे झाकलेली, कुठे उघडी. गेल्या हंगामात कापसाच्या ट्रॉलीचा धक्का लागून सातवीतली मुलगी नालीत पडली. आता नगरपंचायत दोन्ही बाजूंना एक-एक मीटरचा गट्टूचा, म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यांचा, फूटपाथ करणार आहे. व्यापारी म्हणतात, धंदा बसेल. त्यापेक्षा रस्ता रुंद करा. पालक-शिक्षकांनी नेमकं काय मागावं, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत आधीच सांगतो, कारणं मागून. या दोन्हींपैकी एकही मागू नका. एका बाजूला नालीसकट, ओट्यापासून डांबराच्या कडेपर्यंतची सगळी जागा घेऊन सलग फूटपाथ मागा. दुसऱ्या बाजूची नाली पक्की झाकून मागा. आणि शाळा-दवाखान्याच्या टप्प्यात गाड्यांचा वेग ३० च्या आत आणायला लावा. बांधकाम खात्यात वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या तालुक्याच्या गावांतच माझी नोकरी गेली, आता नगरपंचायतींना नकाशे आणि अंदाजपत्रकं करून देतो. साडेनऊ मीटरच्या रस्त्याला याहून बरा तोडगा मला तरी सापडलेला नाही.

आधी रोग ओळखू. फूटपाथ नाही म्हणून लोक डांबरावरून चालतात, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात तुमच्या रस्त्यावर डांबराबाहेर दोन्हीकडे दोन-दोन मीटर जागा आहे. ती चालण्याजोगी नाही, एवढंच. पाच दुकानं नीट चालत गेलात की उघडी नाली, मग एका दुकानाचा उंच रपटा (ओट्यावर चढायचा उतार), मग विजेची डीपी, मग आडव्या लावलेल्या तीन बाइक. दरवेळी डांबरावर उतरावं लागतं. आणि अपघात होतो तो उतरण्याच्या जागी, कारण मागून येणाऱ्याला तुम्ही अचानक पुढ्यात आलेले दिसता. म्हणून रुंदी नंतर, आधी सलगपणा. एक किलोमीटरच्या फूटपाथवर ४० ठिकाणी उतरावं लागत असेल तर म्हातारं माणूस त्यावर चढणारच नाही, ते पहिल्यापासून डांबरावरूनच जाईल.

नगरपंचायतीचा प्रस्ताव इथेच फसतो. आयआरसी म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था. पादचाऱ्यांच्या सोयींसाठी तिची १०३ क्रमांकाची मार्गदर्शिका आहे. तिच्यात चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर धरली आहे, बाजारपेठेत त्याहून जास्त. मोकळी म्हणजे खांब, पायऱ्या, मांडलेला माल वगळून उरलेली. तुमच्याकडे एक मीटर देणार, त्यातून दुकानदाराची बरणी-पोती ३० सेंटिमीटर खाणार, महावितरणचा खांब तेवढीच. उरलं काय? व्हीलचेअरला हात फिरवायला धरून ९० सेंटिमीटर तरी लागतात. शाळेतल्या दोन मैत्रिणी शेजारी-शेजारी चालू शकत नसतील तर त्या फूटपाथवर राहत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. दोन्ही बाजूंना अर्धवट केलं की पैसा खर्च होतो, फीत कापली जाते, आणि सहा महिन्यांत त्यावर पानठेले दिसतात.

व्यापाऱ्यांचं रुंदीकरण तर नकोच. साडेपाच मीटरमधून एसटी आणि समोरचा ट्रक हळू चालवत सुटतात; आपल्याकडे गाडीची कायदेशीर रुंदी २.६ मीटरपर्यंत असते, दोन मिळून ५.२. त्यांना एकमेकांसाठी थांबावं लागतं आणि तेच आपल्याला हवं आहे. हाच रस्ता साडेसात मीटर करा, गर्दी जागच्या जागी राहील, फक्त सकाळी आणि रात्री गाड्या पळतील. हिशेब साधा आहे. ताशी ३० च्या वेगाला चालकाच्या लक्षात येऊन गाडी थांबेपर्यंत साधारण १३ ते १४ मीटर जातात, ५० ला २७ ते २८. ही कोरड्या रस्त्यावरच्या, ब्रेक धड असलेल्या गाडीची गोष्ट. आपल्या ट्रॉलीला तर स्वतःचे ब्रेक बहुधा नसतातच. ट्रॅक्टर थांबतो, मागचा कापूस ढकलत राहतो. केंद्राच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांतली ३२ हजारांहून जास्त पायी चालणारी होती.

आता तुमच्या मापात बसवून बघू. डांबराला हात लावायचा नाही. एका बाजूला दोन मीटर आहेत: १५ सेंटिमीटर कडेचा दगड, उरले १.८५. दुकानांच्या शटरपुढे थोडं-फार अडणारच, तरी दीड मीटर मोकळं मिळतं. मार्गदर्शिकेपेक्षा कमी आहे, कबूल. पण दोघं शेजारून जातात आणि व्हीलचेअर वळते. दुसऱ्या बाजूला नाली झाकून डांबराच्या पातळीला सपाट पट्टी. तिला फूटपाथ म्हणायचं नाही. ती त्या बाजूच्या दुकानांत जायला, दोन मिनिटं उभं राहायला, पुढून गाडी आली तर बाजूला व्हायला.

कोणती बाजू निवडायची, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. शाळेचं आणि दवाखान्याचं फाटक ज्या बाजूला, ती पहिली पसंती, म्हणजे मुलांना रस्ता ओलांडावा लागत नाही. दोन्ही फाटकं वेगवेगळ्या बाजूला असतील तर शाळेची धरा. मग खांब आणि डीपी बघा. त्या हलवायला महावितरणचं वेगळं अंदाजपत्रक, वेगळे पैसे आणि वेगळी वाट पाहणी. तिसरी गोष्ट नकाशावर कोणीच मांडत नाही, ती म्हणजे ऊन. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा माणूस फूटपाथ बघत नाही, सावली बघतो. रस्ता दक्षिणोत्तर असेल तर दुपारनंतर पश्चिमेच्या दुकानांची सावली त्यांच्याच पुढ्यात पडते, सकाळी पूर्वेच्या. मे महिन्याच्या उत्तरार्धात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, तेव्हा भिंतीची सावली मिळतच नाही, झाडाचीच मिळते. म्हणून त्या बाजूचा एकही जुना कडुनिंब तोडू देऊ नका. फूटपाथ त्याच्या भोवती थोडा अरुंद झाला तरी चालेल.

आता नाली. सगळं काम यावरच उभं आहे, म्हणून जरा सविस्तर.

नालीचा तळाचा उतार आधी तपासून घ्या. पावसाळ्यात एक जोराची सर येऊन गेल्यावर अर्ध्या तासानं जाऊन बघा. पाणी जागोजागी साचलेलं दिसलं तर ती नाली झाकायच्या लायकीची नाही. आधी तळ दुरुस्त करून घ्या, नाहीतर झाकणाखाली डास आणि वास दोन्ही जमा होतील आणि पुढच्या वर्षी कोणीतरी ढापे, म्हणजे नालीवरची झाकणं, फोडून टाकेल. ढापे फोडण्याचं दुसरं कारण सफाई. तुमची नाली भिंतींसकट ९० सेंटिमीटर रुंद आहे. त्यावर अर्धा मीटर रुंदीचा, १० सेंटिमीटर जाडीचा सिमेंटचा ढापा टाकला तर त्याचं वजन १०० किलोच्या वर जातं. दोन सफाई कामगार तो उचलत नाहीत. सब्बल घालून एका कोपऱ्याला कलता करतात, कोपरा तुटतो, ढापा परत बसताना एक बाजू वर राहते. ज्याच्यावर म्हातारी ठेचाळते तो ढापा हा असा तयार होतो. मी असं करायला सांगतो: लांबीभर सळई घातलेला स्लॅब जागेवरच ओतायचा, आणि दर तीन मीटरला एकच काढता येणारा ढापा, ४० सेंटिमीटर रुंद, साडेसात सेंटिमीटर जाड. हा ६५-७० किलोचा होतो, दोघं उचलतात, आणि दोन्हीकडून लांब दांड्याचं फावडं पोचतं. उचलायच्या कड्या खोबणीत बुडलेल्या हव्यात, वर आलेली कडी म्हणजे पायाला सापळा. जिथे गल्लीतून ट्रॅक्टर आत वळतो तिथे मात्र हा पातळ ढापा चालणार नाही. तिथला स्लॅब गाडीचं ओझं धरूनच करायचा, तेवढं वेगळं लिहून घ्या. लोखंडी जाळी कुठे बसवलीच तर तिच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात आणि फटी बोटाच्या जाडीपेक्षा मोठ्या नकोत, काठीचं टोक आणि व्हीलचेअरचं पुढचं चाक त्यातच अडकतं. आणखी एक, रस्त्यावरचं पाणी झाकलेल्या नालीत शिरणार कुठून? कडेच्या दगडात ठराविक अंतरावर तोंडं ठेवायची, नाहीतर पहिल्याच पावसात फूटपाथ कोरडा आणि रस्ता तळं.

नाली आणि दगडामधल्या उरलेल्या पट्टीवर गट्टू घाला, हरकत नाही. पण तुमच्याकडे काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर नुसती वाळू पसरून गट्टू बसवले की दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत फूटपाथला लाटा येतात. निदान फूटभर काळी माती काढून मुरूम थराथरानं दाबून भरायला लावा, वर दोन-तीन सेंटिमीटर वाळू, मग गट्टू. चालण्यापुरते ६० मिलिमीटरचे पुरतात, गाडी चढते तिथे ८० चे. अंदाजपत्रकात मुरमाची ओळ आहे का, एवढं एक बघा. नसेल तर बाकीचं वाचायची गरज नाही.

उंचीचा घोळ याहून मोठा. आपल्याकडे जुन्या डांबरावरच सिमेंट ओतून रस्ता वीस-वीस सेंटिमीटर वर उचलायची पद्धत पडली आहे. मग दुकानं खड्ड्यात जातात, दुकानदार ओटा वाढवतो, रपटा पुढे येतो, आणि सिमेंटच्या कडेला वीतभर खाली जाणारी पायरी तयार होते. रात्री मोटरसायकलवाले तिथेच आपटतात. तुमच्याकडे सिमेंट रस्त्याची चर्चा सुरू असेल (बहुतेक असेलच) तर लेखी मागा की जुना थर खोदून काढल्याशिवाय नवीन ओतू नये. फूटपाथ रस्त्यापेक्षा १५ सेंटिमीटरच्या वर नको. काही गावांत तो कंबरेएवढ्या ओट्यासारखा करून ठेवलाय. चढता येत नाही म्हणून लोक त्यावर बसतात. दुकानासमोर, गल्लीच्या तोंडाशी दरवेळी खाली-वर व्हायला नको. फूटपाथ सपाट जाऊ द्या, गाडीनं दगडावरून चढून वळावं. जिथे उतरायचंच आहे तिथे एकास बाराचा उतार, म्हणजे १५ सेंटिमीटर उतरायला १.८ मीटर लांबी. यापेक्षा खडा उतार म्हणजे व्हीलचेअरला घसरगुंडी.

आता व्यापारी. त्यांच्याशी भांडू नका, त्यांच्या बाजूनं मोजा. त्यांची भीती खरी आहे, पण ती फूटपाथची नाही, बाइक कुठे लावायची याची आहे. आडवी लावलेली बाइक दोन मीटर खाते, म्हणजे तुमचा अख्खा फूटपाथ. रस्त्याच्या कडेला लोखंडी खांब रोवून बाइक थांबत नाही, ती मधून निघते. खांबानं फक्त ऑटो आणि चारचाकी अडते. उपाय म्हणजे जागा दाखवणं. प्रत्येक तालुक्याच्या गावात अशा रस्त्याला लागून दोन-तीन मोकळ्या जागा निघतात: बाजार समितीचं जुनं आवार, पंचायत समितीसमोरचं पटांगण, मागे सरकलेल्या एखाद्या इमारतीपुढची जागा. ती आधी आखून द्या, मग फूटपाथ मोकळा करा. उलट क्रमानं केलं तर मोर्चा येतो. रपट्यांचंही तसंच. पोकलेन आणून तोडण्यापेक्षा ‘नालीचा स्लॅब आम्ही करतो, तुमचा रपटा आपोआप लागणार नाही’ असं सांगितलं तर बहुतेक दुकानदार स्वतः काढून घेतात.

भाजीवाल्या बायांना आणि चहावाल्याला हाकलून फूटपाथ मोकळा करू नका. एक तर ते परत येतात. दुसरं, २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं सर्वेक्षण झाल्याशिवाय त्यांना उठवता येत नाही, आणि जागा ठरवायला नगर पथविक्रेता समिती लागते, जिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधले हवेत. तुमच्या नगरपंचायतीत ती समिती कागदावर आहे की प्रत्यक्षात बसते, विचारून घ्या. आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र मी फूटपाथचा हट्ट धरत नाही. त्या दिवशी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा त्या टप्प्यात जड वाहनं बंद करून घ्या, ते सोपं आणि जास्त सुरक्षित.

ट्रॉलीकडे येऊ, कारण त्या सातवीतल्या मुलीला लागली ती ट्रॉलीच. कापूस मोकळा भरतात, फळ्यांच्या वर बांधलेलं कापड दोन्हीकडे हात-दीड हात फुगलेलं असतं. चालकाला मागची ती फूग दिसत नाही. तो स्वतःच्या चाकाच्या अंदाजानं चालतो, म्हणून डांबराच्या आत राहूनही तो नालीच्या कडेला चालणाऱ्याला घासतो. यावर १५ सेंटिमीटरचा दगडही पूर्ण उपाय नाही. पण तो चालकाला दोन फूट आत ठेवतो, आणि आपण दगडालगत नव्हे तर ओट्याच्या बाजूनं चालायला मुलांना सांगू शकतो. शिवाय जिनिंग आणि बाजार समितीकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी शाळा भरण्या-सुटण्याच्या तासात या रस्त्यावर बंदी, नाहीतर गावाबाहेरून वळण. बाजार समितीच्या सचिवांना आणि ठाणेदारांना एकत्र बसवलं की हे एका बैठकीत ठरतं. बैठक मात्र दिवाळीच्या आधी घ्या, हंगाम लागल्यावर कोणी ऐकत नाही.

गतिरोधक मागाल तर मापासकट मागा. आपल्याकडे उरलेल्या डांबराचा हातभर रुंद ढीग करून त्यालाच गतिरोधक म्हणतात. त्यानं कंबरडं मोडतं, वेग कमी होत नाही, आणि दवाखान्याच्या वाटेवर तर बाळंतीण नेणाऱ्या गाडीचे हाल. आयआरसीच्या ९९ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेतला गोल उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, तो २५ च्या वेगाला बेतलेला आहे. शाळेच्या फाटकासमोर मी त्याहून पुढची गोष्ट मागेन: फूटपाथच्याच उंचीचं सपाट क्रॉसिंग, तीन-चार मीटर रुंद, दोन्हीकडे हळू उतार. मुलं खाली न उतरता पलीकडे जातात, गाडीच वर चढते. पाणी अडू नये म्हणून दोन्ही कडांना खालून वाट ठेवायची. दुसरं क्रॉसिंग स्टँडसमोर. तिसऱ्याचा हट्ट नको, जास्त झाले की चालक दुर्लक्ष करायला शिकतात.

हे सगळं कोणाकडे मागायचं, ते रस्ता कोणाचा आहे यावर. गावातून जात असला तरी तो राज्यमार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर डांबर बांधकाम विभागाचं आणि नाली नगरपंचायतीची, असं विभागलेलं असतं; दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. राष्ट्रीय महामार्ग असेल तर गतिरोधक सहसा मंजूरच होत नाही, तिथे दुसऱ्या वाटेनं वेग कमी करावा लागतो. म्हणून पहिला अर्ज फूटपाथचा नको. ‘या रस्त्याचा दर्जा काय, मालकी कोणाची, आणि विकास आराखड्यात त्याची रुंदी किती’ असा एका कागदाचा अर्ज नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांकडे करा. आराखड्यात कदाचित १२ मीटर निघेल आणि अतिक्रमणाचा विषय उघडेल. तो तुम्ही उघडायचा की नाही, हे गाव बघून ठरवा. मी असतो तर आत्ता नसता उघडला, अडीच मीटरसाठी दहा वर्षं कोर्टात जातील.

पुढचा अर्ज मुख्याधिकारी आणि बांधकाम विभागाचे उपअभियंता या दोघांच्या नावानं, प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या रस्ता सुरक्षा समितीला. त्यात दोनच कायदेशीर वाक्यं पुरे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चालण्याजोगा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालचा हक्क असल्याचं म्हटलं आहे. आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९८अ: रचनेची मानकं न पाळल्यानं मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणा, सल्लागार आणि कंत्राटदार यांना एक लाखापर्यंत दंड. हे दुसरं वाक्य वाचल्यावर अभियंता नकाशा पुन्हा उघडतो. पैशासाठी राज्याची नगरोत्थान योजना किंवा जिल्हा नियोजन समिती, यापैकी कुठे आमदारांचं वजन चालतं ते तुमच्या गावातले लोक माझ्यापेक्षा चांगलं जाणतात.

निविदा निघण्याआधी एक करून बघा, खर्च चुन्याच्या दोन पोत्यांचा. निवडलेल्या बाजूला डांबराच्या कडेनं शाळेपासून स्टँडपर्यंत चुन्याची रेघ मारा, उघड्या नालीवर तात्पुरत्या फळ्या टाका, आणि आठवडाभर, बाजाराचा दिवस धरून, बाइक रेघेच्या आत लावू देऊ नका. नगरपंचायतीचा एक आणि व्यापाऱ्यांचा एक असे दोघे रोज शाळा सुटताना उभे राहू देत. कुठे माल उतरवायला ट्रक थांबतो, कोणत्या दुकानापुढे रेघ रोज पुसली जाते, कुठल्या गल्लीतून ट्रॅक्टर येतो, हे आठ दिवसांत दिसेल आणि नकाशा त्याप्रमाणे बदलता येईल. तो बदललेला नकाशा, रस्त्याची दिशा, आणि खांब कोणत्या बाजूला किती, एवढं कळवलंत तर कोणती बाजू घ्यायची ते मी नक्की सांगेन.